बॅडमिंटनची भाषा कोर्टवर उभं राहून शिका: रेषा, फटके आणि नियम

कोणत्याही बॅडमिंटन हॉलमध्ये संध्याकाळी पाच मिनिटं नुसते उभे राहा. ‘टॉस दे’, ‘लिफ्ट कर ना’, ‘सोड, सोड, लाँग आहे’, ‘सर्व्हिस ओव्हर, आता तू लेफ्टने कर’ असे आवाज एकामागून एक कानावर पडतात. नव्याने रॅकेट हातात घेतलेल्या माणसाला यातलं निम्मं कळत नाही. मग तो फटक्यांच्या नावांची यादी शोधतो, वाचतो आणि आठवड्याभरात विसरतो.

यादी विसरण्याचं कारण सोपं आहे. बॅडमिंटनमधला जवळजवळ प्रत्येक शब्द कोर्टवरच्या एखाद्या जागेशी बांधलेला आहे. टॉस मागच्या भागातून मागच्या भागात जातो. लिफ्ट पुढून मागे जाते. टॅप नेटला चिकटूनच होतो. जागा पायाखाली आली की शब्द डोक्यात राहतो, म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे: आधी रेषा, मग सर्व्हिस, मग मागचे, मधले आणि पुढचे फटके, आणि शेवटी गुण आणि नियम. शक्य असेल तर पहिला भाग कोर्टवर जाऊन, फोन हातात धरून वाचा.

पहिली पायरी: रेषांवरून चालून या

सोसायटीच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये एकाच जमिनीवर बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटन अशा तिन्ही खेळांच्या रेषा वेगवेगळ्या रंगांत मारलेल्या असतात. आधी बॅडमिंटनचा रंग कोणता ते विचारून घ्या. मग नेटच्या खांबापाशी उभे राहा.

खांब ज्या रेषेवर उभा आहे ती दुहेरीची साइडलाइन. एकेरीचा सामना असला तरी खांब तिथेच राहतात. पूर्ण कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असतं, म्हणजे फुटांत ४४ बाय २०. नेटची उंची खांबापाशी १.५५ मीटर आणि मध्यभागी १.५२४ मीटर, म्हणजे बरोबर पाच फूट. मधला तो इंचभर झोल नियमातलाच आहे. सरळ रेषेत, कडेकडेने मारलेल्या फटक्यापेक्षा मधून मारलेल्या फटक्याला नेट किंचित खाली मिळतं.

आता खांबाकडून दीड फूट आत सरका. इथे दुसरी उभी रेषा आहे, ती एकेरीची साइडलाइन. या दोन रेषांमधला ४६ सेंटीमीटरचा अरुंद पट्टा म्हणजे ट्रॅमलाइन किंवा अ‍ॅली. दुहेरीत तो कोर्टचा भाग असतो, एकेरीत बाहेर धरतात. त्यामुळे एकेरीचं कोर्ट ५.१८ मीटर, म्हणजे १७ फूट रुंद राहतं.

नेटकडे पाठ करून मागे चालायला लागा. १.९८ मीटरवर, म्हणजे साडेसहा फुटांवर, पहिली आडवी रेषा लागते. ही शॉर्ट सर्व्हिस लाइन. सर्व्हिस हिच्या अलीकडे पडली तर ‘शॉर्ट’. रॅली, म्हणजे सर्व्हिसनंतरची फटक्यांची देवाणघेवाण, सुरू झाली की या रेषेला काही अर्थ उरत नाही, शटल नेटलगत कुठेही पडू शकतं. तिच्या मध्यापासून मागे जाणारी उभी रेषा म्हणजे सेंटर लाइन. ती उजवं आणि डावं सर्व्हिस कोर्ट वेगळं करते. उजवं-डावं नेहमी नेटकडे तोंड करून ठरवायचं.

अजून मागे गेलात की पाठोपाठ दोन आडव्या रेषा दिसतात. शेवटची ती बॅकलाइन, कोर्टची हद्द. तिच्या अडीच फूट अलीकडची ती दुहेरीची लाँग सर्व्हिस लाइन. नवख्यांचे सर्वांत जास्त वाद या रेषेवरून होतात. ती फक्त दुहेरीच्या सर्व्हिससाठी आहे. दुहेरीत सर्व्हिस तिच्या पलीकडे पडली की ‘लाँग’. एकदा सर्व्हिस परतवली की ही रेषा विसरायची आणि बॅकलाइनपर्यंत खेळायचं. एकेरीत तर ती मुळातच नाही, सर्व्हिससुद्धा बॅकलाइनपर्यंत चालते.

म्हणजे एकेरीचं सर्व्हिस कोर्ट अरुंद आणि लांब, दुहेरीचं रुंद आणि आखूड. हे एक वाक्य चालता चालता दोनदा म्हणा. दुहेरीत सगळे छोटी सर्व्हिस का करतात याचं उत्तर त्यात आहे: मागे जागाच कमी आहे. उंच सर्व्हिस केली तर समोरच्याला फार मागे जावं लागत नाही आणि तो आरामात स्मॅश मारतो.

रेषा ४० मिलिमीटर जाड असतात आणि ज्या भागाची हद्द त्या आखतात त्या भागातच मोजल्या जातात. शटलच्या बुचाचा थोडासा भागही रेषेवर टेकला तरी शटल आत. पिसं कुठे पडली ते बघू नका, बूच बघा.

रेषांनी न आखलेल्या, पण सतत बोलण्यात येणाऱ्या काही जागा आहेत. नेट ते शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या आसपासचा भाग म्हणजे फ्रंट कोर्ट, मागचा साधारण तसाच पट्टा म्हणजे बॅक कोर्ट, मधला मिड कोर्ट. ज्या हातात रॅकेट आहे ती फोरहँडची बाजू, दुसरी बॅकहँडची. आणि मध्यभागी, शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या थोडं मागे, जिथून चारही कोपऱ्यांत पोहोचता येतं ती जागा म्हणजे बेस. प्रशिक्षक ‘बेसला ये’ असं ओरडतात तेव्हा ते याच जागेबद्दल बोलत असतात. कोपरे मात्र सहा मोजतात: पुढचे दोन, बाजूचे दोन, मागचे दोन. रॅकेट हातात धरून, शटलशिवाय या सहा जागांवर जाऊन परत बेसला येण्याच्या सरावाला ‘शॅडो’ म्हणतात.

दुसरी पायरी: हातातलं साहित्य, थोडक्यात

रॅकेटबद्दल फार अडकून पडू नका. हेड, शाफ्ट, ग्रिप आणि गटिंग हे चार शब्द पुरतात. गटिंग म्हणजे तारांची विणकाम-जाळी, आणि ती किती ताणली आहे ते टेन्शन. सुरुवातीला कमी टेन्शन घ्यावं, शटल सहज लांब जातं आणि कोपरावर ताण येत नाही. दुकानदार मोठे आकडे सांगेल, तरी ऐकू नका.

शटलकडे मात्र लक्ष द्या. स्पर्धेतल्या पिसांच्या शटलला १६ पिसं असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. वेगाप्रमाणे डब्यावर ७६, ७७ असे आकडे असतात, आकडा मोठा तितकं शटल वेगवान. हवा गरम असली की शटल जास्त पळतं, म्हणून उन्हाळ्यात खालचा आकडा घेतात. नायलॉनच्या शटलवर रंगाची पट्टी असते: हिरवी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान.

शटलचा वेग तपासायची नियमातच दिलेली पद्धत आहे. बॅकलाइनवर उभं राहून खालून पूर्ण जोराने, साइडलाइनला समांतर मारायचं. समोरच्या बॅकलाइनच्या अलीकडे ५३ ते ९९ सेंटीमीटरच्या पट्ट्यात शटल पडलं तर वेग बरोबर. दुहेरीची लाँग सर्व्हिस लाइन ७६ सेंटीमीटरवर असते, तेव्हा शटल तिच्या आजूबाजूला पडलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं.

तिसरी पायरी: सर्व्हिस

इथे थांबून नीट वाचा. क्लबमधल्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं चुकीची सर्व्हिस करावी आणि कोणी टोकू नये, हे मी सगळीकडे पाहतो. पहिल्या स्पर्धेत सर्व्हिस जज ‘फॉल्ट’ म्हणतो तेव्हा त्यांना धक्का बसतो.

सर्व्हिसचे चार प्रकार पुरेत. हाय सर्व्हिस उंच जाऊन बॅकलाइनजवळ सरळ खाली पडते, ती एकेरीतली. लो किंवा शॉर्ट सर्व्हिस नेटच्या पट्टीला घासून जाते आणि शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या जरा पलीकडे पडते. ती दुहेरीचा पाया आहे, आणि आता पुरुष एकेरीतही बहुतेक जण बॅकहँडने हीच करतात. फ्लिक सर्व्हिस शॉर्टसारखीच सुरू होते आणि शेवटच्या क्षणी मनगटाच्या झटक्याने समोरच्याच्या डोक्यावरून मागे जाते. ड्राइव्ह सर्व्हिस सपाट आणि वेगाने थेट अंगावर येते.

आता नियम. सर्व्हिस करणारा आणि घेणारा, दोघे समोरासमोरच्या तिरक्या सर्व्हिस कोर्टमध्ये उभे राहतात. पाय रेषेला लागता कामा नये. सर्व्हिस होईपर्यंत दोघांच्याही दोन्ही पावलांचा काही भाग जमिनीला टेकलेला आणि स्थिर हवा, टाच उचलली तर हरकत नाही, पाऊल सरकवलं तर आहे. रॅकेट पुढे जायला लागलं की मध्येच थांबवून फसवायचं नाही. रॅकेट आधी बुचाला लागलं पाहिजे, पिसांना नाही. आणि फटका बसण्याच्या क्षणी संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं, म्हणजे साधारण पावणेचार फूट.

हा १.१५ मीटरचा नियम जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१८ पासून लागू केला. त्याआधी ‘कमरेच्या खाली’ असा नियम होता आणि कंबर म्हणजे सर्वांत खालच्या बरगडीची पातळी. प्रत्येकाची कंबर वेगळी, त्यामुळे सर्व्हिस जजच्या अंदाजावर सगळं चालायचं. उंच खेळाडूंना आता वाकावं लागतं ही तक्रार खरी आहे, पण मोजता येणारा नियम न मोजता येणाऱ्यापेक्षा केव्हाही चांगला. घरी भिंतीवर १.१५ मीटरवर पेन्सिलने रेघ मारा आणि तिच्याशेजारी उभं राहून सर्व्हिसची हालचाल करून बघा. तुमच्या अंगावर ती उंची कुठे येते ते एकदा कळलं की पुन्हा शंका राहत नाही.

२०२३ मध्ये स्पिन सर्व्हिसचं प्रकरण झालं. शटल सोडताना बोटांनी त्याला गिरकी द्यायची, मग ते नेटवरून वेडंवाकडं जायचं आणि परतवणं अवघड व्हायचं. महासंघाने त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये त्यावर बंदी घातली. शटल सोडताना त्याला फिरवायचं नाही, एवढंच आपल्यासाठी पुरे.

टेनिस किंवा टेबल टेनिस खेळून आलेल्यांसाठी एक सूचना: बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस नेटच्या पट्टीला लागून योग्य कोर्टात पडली तर ती वैध असते. पुन्हा करायची नाही. दुसरी संधीही नसते. रॅकेट फिरवलं आणि शटलला लागलंच नाही, तरी फॉल्ट.

चौथी पायरी: मागच्या कोर्टातले फटके

आता बॅकलाइनजवळ जा. शटल उंचावरून येतं आहे, रॅकेट डोक्यावर गेलं आहे. इथून तीन मुख्य रस्ते आहेत: वरून मागे, वरून पुढे आणि वरून खाली जोरात.

वरून मागे म्हणजे क्लिअर. भारतात बहुतेक हॉलमध्ये त्याला टॉस म्हणतात, आणि सामन्याआधी नाणं उडवतात तोही टॉसच, संदर्भावरून ओळखायचं. उंच, बचावाचा टॉस वेळ मिळवून देतो: शटल वर असेपर्यंत तुम्ही बेसला येता. सपाट, आक्रमक टॉस समोरच्याच्या रॅकेटच्या जेमतेम वरून मागे जातो आणि त्याला उलट्या पावली पळायला लावतो. नवख्याने पहिले दोन महिने उंच टॉस बॅकलाइनपर्यंत पोहोचवण्यावरच घालवावेत, असं मी आग्रहाने सांगेन. टॉस अर्ध्यावर पडला की समोरच्याला फुकट स्मॅश मिळतो.

वरून पुढे म्हणजे ड्रॉप. हालचाल टॉससारखीच, पण शेवटी हात सैल पडतो आणि शटल नेटपलीकडे उतरतं. स्लो ड्रॉप नेटच्या अगदी जवळ पडतो, फास्ट ड्रॉप शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या आसपास. रॅकेटचा चेहरा तिरका करून शटल कापलं तर स्लाइस, उलट्या दिशेने कापलं तर रिव्हर्स स्लाइस. दिसायला हात एकीकडे जातो आणि शटल दुसरीकडे.

वरून खाली जोरात म्हणजे स्मॅश. उडी मारून मारला तर जंप स्मॅश, ताकद राखून कोन तीव्र ठेवला तर हाफ स्मॅश, लांब स्विंग न घेता मनगटाच्या फटकाऱ्याने मारला तर स्टिक स्मॅश. भारताचा दुहेरीचा खेळाडू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या नावावर ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा गिनेस विक्रम आहे, तो एप्रिल २०२३ मध्ये जपानमध्ये चाचणीत नोंदवला गेला. हा वेग रॅकेटवरून सुटतानाचा. पिसांमुळे हवा शटलला इतकी अडवते की समोरच्यापर्यंत पोहोचताना त्यातला फार थोडा वेग उरतो. म्हणूनच स्मॅश परतवता येतो, आणि म्हणूनच नुसत्या जोरापेक्षा स्मॅशची जागा महत्त्वाची: साइडलाइन, किंवा समोरच्याच्या रॅकेटच्या बाजूची कंबर, जिथे हात अडकतो. त्याला बॉडी स्मॅश म्हणतात.

शटल बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात आलं आणि तुम्ही तरीही डोक्याभोवतून हात फिरवून फोरहँडनेच मारलंत, तर तो राउंड द हेड. पाठ वळवून मारावा लागला तर बॅकहँड. हे दोन शब्द फटक्याचे नसून तो मारण्याच्या पद्धतीचे आहेत: राउंड द हेड टॉस, ड्रॉप किंवा स्मॅश यापैकी काहीही असू शकतो. तसंच स्ट्रेट आणि क्रॉस. साइडलाइनला समांतर तो स्ट्रेट, तिरका तो क्रॉस.

पाचवी पायरी: मधले फटके

इथे शब्द कमी आणि वेग जास्त. नेटच्या उंचीने सपाट, जोरात मारलेला तो ड्राइव्ह. त्याहून हळू, दोन खेळाडूंच्या मधल्या फटीत ढकललेला तो पुश. समोरून आलेल्या स्मॅशसमोर रॅकेट नुसतं धरून शटल नेटलगत टाकलं तर ब्लॉक. दुहेरीत स्मॅश पुन्हा पुन्हा उंच परतवत राहण्याला सगळे मोघमपणे ‘डिफेन्स’ म्हणतात.

सहावी पायरी: नेटवरचे फटके

बॅडमिंटनची खरी नजाकत इथे आहे. समोरच्याने नेटलगत टाकलेलं शटल तुम्हीही तसंच नेटलगत टाकलंत तर तो नेट शॉट, आपल्याकडच्या बोलीत ड्रिबल. रॅकेटचा चेहरा शटलखालून हलकेच सरकवला की शटल गटांगळ्या खात पलीकडे जातं, बूच वर, पिसं खाली अशा अवस्थेत. समोरचा ते सरळ होण्याची वाट पाहतो आणि तेवढ्यात ते खूप खाली गेलेलं असतं. तेच शटल नेटवरून तिरकं दुसऱ्या कोपऱ्यात सोडलं तर नेट क्रॉस.

शटल नेटच्या पट्टीच्या वर राहिलं तर टॅप, यालाच किल म्हणतात. मोठा स्विंग नाही, नुसता झटका. शटल नेटला फार चिकटलेलं असेल तर रॅकेट नेटला समांतर ओढतात, तो ब्रश. आणि शटल खाली गेलं, दुसरा मार्ग उरला नाही, की खालून उचलून मागे बॅकलाइनपर्यंत द्यायचं, ती लिफ्ट.

नेटवरच्या हाताचं नाव निघालं की महाराष्ट्रात नंदू नाटेकरांची आठवण होतेच. सांगलीत जन्मलेल्या नाटेकरांनी १९५६ मध्ये मलायातली सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. त्यांचा खेळ ताकदीपेक्षा मनगटावर आणि फसवणुकीवर चालायचा. ही फसवणूक म्हणजे डिसेप्शन, हाही शब्द तुमच्या कानावर पडेल. रॅकेट आधी शटलजवळ नेऊन क्षणभर थांबणं म्हणजे होल्ड. समोरच्याचे पाय हलले की मग मारायचं.

शब्द एकत्र कसे येतात ते बघायचं तर ग्लासगोतल्या २०१७ च्या जागतिक स्पर्धेचा महिला एकेरीचा अंतिम सामना लावा. पी. व्ही. सिंधू आणि नोझोमी ओकुहारा ११० मिनिटं खेळल्या. दुसऱ्या गेमचा शेवट ७३ फटक्यांच्या रॅलीने झाला. आवाज बंद करा आणि प्रत्येक फटक्याला मोठ्याने नाव द्या: टॉस, टॉस, ड्रॉप, लिफ्ट, क्रॉस ड्रॉप, ड्रिबल, लिफ्ट. पहिल्यांदा तुम्ही मागे पडाल, मग वेग कमी करून बघा. दहा मिनिटांच्या या अभ्यासातून जे कळतं ते कोणतीही यादी देऊ शकत नाही. शिवाय प्रत्येक लिफ्टनंतर आक्रमण समोरच्याकडे जातं आणि प्रत्येक चांगल्या ड्रिबलनंतर ते परत मिळतं, हेही दिसायला लागतं.

सातवी पायरी: गुण मोजणं

२००६ पासून रॅली पॉइंट पद्धत आहे: सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकणाऱ्याला गुण. गेम २१ गुणांचा, तीनपैकी दोन गेम जिंकायचे. २०–२० झाले तर दोन गुणांची आघाडी लागते, आणि २९–२९ झाले तर ३० वा गुण घेणारा जिंकतो. सिंधू-ओकुहारा सामन्याचा निकाल २१–१९, २०–२२, २२–२० असा ओकुहाराच्या बाजूने लागला, तो याच नियमामुळे असा दिसतो. कोणाचेही ११ गुण झाले की ६० सेकंदांचा इंटरव्हल, दोन गेमच्या मध्ये १२० सेकंद.

सर्व्हिस कुठून करायची? सर्व्हिस करणाऱ्याचे गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. शून्य सम धरायचं. एकेरीत एवढ्यावर काम भागतं.

दुहेरीत इथेच हॉल डोक्यावर घेतले जातात, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एका बाजूला अ आणि ब, दुसऱ्या बाजूला क आणि ड. सुरुवातीला अ उजवीकडे, ब डावीकडे. समोर क उजवीकडे, ड डावीकडे.

०–० ला अ उजवीकडून क ला सर्व्हिस करतो. अ-ब रॅली जिंकतात, १–०. सर्व्हिस करत असताना गुण मिळाला, म्हणून अ आणि ब जागा बदलतात. आता अ डावीकडून ड ला सर्व्हिस करतो. क आणि ड आपल्या जागी आहेत.

ही रॅली क-ड जिंकतात, १–१. सर्व्हिस त्यांच्याकडे गेली, पण कोणीच जागा बदलत नाही. त्यांचा गुण १, विषम, म्हणून डावीकडे जो उभा आहे तो, म्हणजे ड, सर्व्हिस करतो. समोर डावीकडे अ आहे, तो घेतो.

आता अ-ब जिंकतात, २–१. पुन्हा कोणी हलत नाही. गुण सम, उजवीकडे ब आहे, तो क ला सर्व्हिस करतो. क-ड जिंकले, २–२: उजवीकडून क, ब ला. क-ड पुन्हा जिंकले, ३–२: आता ते सर्व्हिस करत असताना जिंकले, म्हणून फक्त ते दोघे जागा बदलतात आणि क डावीकडून अ ला सर्व्हिस करतो.

यातून दोन सूत्रं हाती येतात. जागा तेव्हाच बदलायची जेव्हा आपण सर्व्हिस करून गुण मिळवतो. सर्व्हिस परत मिळाली की आपला गुण बघायचा, सम असेल तर उजवीकडचा, विषम असेल तर डावीकडचा करेल. सर्व्हिस झाल्यावर जोडीदार कोर्टात कुठेही फिरू शकतात, पण रॅली संपली की आपापल्या सर्व्हिस कोर्टाची आठवण ठेवायची. सर्व्हिस घेण्याचा हक्क मात्र त्या कोर्टातल्या एकाचाच, जोडीदाराने परतवली तर गुण गेला. आणि चुकीच्या माणसाने सर्व्हिस केली हे नंतर लक्षात आलं तर चूक सुधारायची, झालेले गुण तसेच राहतात. वाद तिथेच संपवा.

दुहेरीतले दोन शब्द राहिले. आक्रमण करताना एक मागे, एक पुढे, ही फ्रंट अँड बॅक रचना. बचाव करताना दोघे शेजारी, ती साइड बाय साइड. एकीतून दुसरीत जाण्याला रोटेशन म्हणतात. मुंबईच्या चिराग शेट्टीचा सात्त्विकबरोबरचा खेळ पाहताना शटल सोडून नुसते या दोघांचे पाय बघा: लिफ्ट गेली की दोघे शेजारी सरकतात, समोरून लिफ्ट आली की एक मागे धावतो आणि दुसरा नेटकडे.

आठवी पायरी: फॉल्ट, लेट आणि पंचाची भाषा

फॉल्ट म्हणजे रॅली संपली, गुण समोरच्याला. रॅली चालू असताना रॅकेट, कपडे किंवा अंग नेटला लागलं तर फॉल्ट. शटल आपल्या बाजूला यायच्या आधीच पलीकडे जाऊन मारलं तर फॉल्ट. शटलला आपल्या बाजूला रॅकेट लागलं आणि मग रॅकेट हवेतून पलीकडे गेलं, तर चालतं. एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा मारलं, किंवा जोडीदारांनी एकापाठोपाठ मारलं, तरी फॉल्ट. पण एकाच फटक्यात शटल फ्रेमला लागून तारांना लागलं तर तो फॉल्ट नाही, खेळत राहा.

बाहेर चाललेलं शटल अंगाला किंवा रॅकेटला लागलं, तर ते बाहेर पडणार होतं या म्हणण्याला अर्थ नाही, गुण समोरच्याचा. बाहेर जाणारं शटल हाताने झेलण्याची सवय याच कारणासाठी लावून घेऊ नका. जमिनीला टेकू द्या.

लेट म्हणजे रॅली रद्द, पुन्हा सर्व्हिस. घेणारा तयार नसताना सर्व्हिस झाली, रॅलीत शटल नेटवरून जाऊन पलीकडे जाळीत अडकलं, किंवा खेळताना शटलचं बूच आणि पिसं वेगळी झाली, तर लेट. सर्व्हिसचंच शटल जाळीत अडकलं तर मात्र तो फॉल्ट असतो. शेजारच्या कोर्टवरून शटल आत आलं तरीही लेट घेतात. छताला लागलेलं शटल नियमाने फॉल्ट आहे, पण बुटक्या छताच्या किंवा खाली लोंबत्या दिव्यांच्या हॉलमध्ये लेट द्यायचा असं स्थानिक पातळीवर ठरवता येतं. खेळ सुरू व्हायच्या आधी हे विचारून घ्या.

सामना सुरू करताना पंच ‘लव्ह ऑल, प्ले’ म्हणतात, लव्ह म्हणजे शून्य. सर्व्हिस दुसरीकडे गेली की ‘सर्व्हिस ओव्हर’, आणि नेहमी आधी सर्व्हिस करणाऱ्याचा गुण बोलतात. एक गुण कमी असताना ‘गेम पॉइंट’ किंवा ‘मॅच पॉइंट’. लाइन जजने दोन्ही हात बाजूला पसरले तर आउट. न बोलता उजव्या हाताने रेषेकडे बोट दाखवलं तर इन. दोन्ही हात डोळ्यांवर नेले तर दिसलं नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये ‘चॅलेंज’ घेता येतो, कॅमेऱ्यावरून शटल कुठे पडलं ते दाखवतात. एका सामन्यात दोन चॅलेंज चुकले की पुढे मागता येत नाही.

हे सगळं पक्कं करण्याचा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे आपल्याच हॉलमधल्या एखाद्या दुहेरी सामन्याचा पंच होणं. कागदावर अ, ब, क, ड लिहा, पहिली सर्व्हिस कोणी केली आणि कोणी घेतली त्यांच्यापुढे खूण करा आणि प्रत्येक गुण क्रमाने लिहून मोठ्याने बोला. खेळणारे गोंधळले की त्या पहिल्या खुणेपासून गुण क्रमाने मोजत आलात तर कोण कुठे उभं असायला हवं ते काढता येतं: जी जोडी सर्व्हिस करून गुण मिळवते, तिच्याच जागा त्या गुणाला बदलतात. तिसरा गेम झाला तर कोणाचेही ११ गुण होताच बाजू बदलायला सांगा. ते राहून गेलं, तर लक्षात येताच, चालू रॅली संपल्यावर बदला. गुण आहेत तेच राहतात.